ही सही माझी नाही

सन दोन हजार बावीस होतं आणि मी एकोणसत्तर वर्षांचा होतो. म्हणजे पोरवयात चुकलो असं म्हणायची सोय नाही. जे केलं ते पिकल्या केसांनी केलं. आजवर हे मी कोणाला सांगितलेलं नाही. बायको असती तर तिला तरी सांगितलं असतं का? — नसतं. ती त्याच्या दोन वर्षं आधी गेली, आणि तिच्या फोटोला हार घालतानाही मी ही गोष्ट मनात येऊ देत नाही. तुम्हाला सांगतो, कारण तुम्ही माझ्या गावचे नाहीत. हेही खरं तेच सांगितलं.

आमचं गाव डोणगावजवळ. मेहकरच्या रस्त्याला फाटा फुटतो, तिथून दोन किलोमीटर आत. शाळा चौथीपर्यंत. मराठी वाचतो, पण ओळीखाली बोट ठेवून. सही मात्र — सही माझी अशी आहे की बँकेतला साहेब दोनदा पाहतो. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, खाली एक रेघ आणि रेघेखाली दोन ठिपके. माझ्या वयाच्या कितीकांनी जन्मभर अंगठा लावला. मी एकदाही नाही लावला. सहीचं एवढं कौतुक काऊन सांगून राह्यलो? — येते ते पुढं.

मी ट्रक चालवायचो हे साऱ्या गावाला माहीत आहे. ड्रायव्हर व्हायच्या आधी नऊ वर्षं मी क्लीनर होतो, ते मी कधी बोलत नाही. क्लीनर म्हणजे काय, हे ज्यानं केलं त्यालाच कळते. काच पुसायची, टायर ठोकून पाहायचे, उस्तादाचे, म्हणजे ड्रायव्हरचे, कपडे धुवायचे, डाव्या बाजूला बसून ‘येऊ द्या, येऊ द्या’ ओरडायचं आणि गाडी कुठं घासली तर मार खायचा. एकदा मेहकरच्या स्टँडसमोर, भर बाजाराच्या दिवशी, उस्तादानं माझ्या कानाखाली काढली. माझ्या हातात चहाचा ग्लास होता. ग्लास मी पडू दिला नाही. माझी तेवढीच इज्जत शिल्लक राह्यली असं वाटलं मला. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरातला माणूस कोणाच्या बाजूच्या सीटवर बसणार नाही.

आणि गजानन तर थेट विमानात बसला.

गजानन माझा एकुलता एक. शेगावच्या महाराजांना नवस बोलून झालेला, म्हणून ते नाव. तो कसा शिकला, कोणतं वावर विकलं, कोणाकोणाच्या दारात उभा राह्यलो, ते जाऊ द्या. त्याचा मोठेपणा मी आधीच लय मिरवला आहे. तो पायलट झाला, आणि काही वर्षांनी कॅप्टन झाला. विमान लहान होतं, पुढं दोन पंखे असलेलं, सत्तर माणसांचं. लहान-लहान शहरांना जायचं. पारावर एकानं विचारलं, “आबा, पंख्याचं इमान म्हंजे कूलरवानी अस्ते का?” सारे हसले. त्या माणसाशी मी चार महिने बोललो नाही.

गजानन एकदा जेवताना म्हणाला, “आमच्यात उलटं अस्ते बाबा. कॅप्टन डाव्या बाजूले बसते, दुसरा पायलट उजव्या.” माझा घास हातातच राह्यला. ज्या बाजूला बसून मी मार खाल्ला, त्या बाजूला माझा मुलगा मालक होऊन बसते. हे मी कोणाला सांगू शकत नव्हतो, पण कितीतरी दिवस मनातल्या मनात चघळलं.

गावानं सत्कार केला. शाल, नारळ, फेटा. आणि फाट्यावर पत्र्याची पाटी लावली — गावाचं नाव, त्याखाली ‘कॅप्टन’ आणि गजाननचं नाव. रस्त्याच्या धुळीनं ती पाटी दोन दिवसांत मळते. मी रोज सकाळी ओलं फडकं घेऊन जायचो आणि पुसायचो. कोणी विचारलं तर म्हणायचो, डॉक्टरनं चालायला सांगितलं आहे.

सुखदेवचं सांगायचं राहिलं. सुखदेव आमचा पोस्टमन. गजाननच्याच वयाचा, शाळेत दोघं एका बाकावर बसले. घर त्याचं बौद्धवाड्यात, गावाच्या खालच्या अंगाला. माझी बायको आजारी होती तेव्हा तिच्या गोळ्या हा मेहकरहून आणायचा, कधी मी न सांगता. गजाननचं लायसन टपालानं आलं तेव्हा मी वावरात होतो. सुखदेव सायकल बांधावर टाकून धावत आला होता. माझ्याआधी तोच हसत होता.

आता पुढं.

कंपनीच्या वरच्या लोकांनी ठरवलं की लहान विमानं ठेवायची नाहीत. कोणतं विमान पडलं नव्हतं. कोण्या पायलटची चूक झाली नव्हती. गजानन घरी आला तो दोन मोठ्या बॅगा घेऊन, सून आणि नातीला घेऊन. मी म्हटलं, “सुट्टी का?” तो म्हणाला, “हाव, सुट्टीच समजा.”

मग हळूहळू सांगितलं. “बाबा, त्यायनं कागदावर पाह्यलं, लहान गावाचे रूट परवडत नाईत. इमानं भाड्याचीच होती, वापस देल्ली. मोठी तेवढी ठेवली.”

“मंग तू मोठं चालव न.”

“त्याचं शिक्षण अलग लागते बाबा. तुमाले उद्या कोनी रेल्वे देल्ली चालवाले, तं चालवसान का?”

“घरी बसा, आमी कळवतो” — एवढंच त्या सगळ्यांना सांगितलं होतं. कंपनीचा जो मेल असते, तो बंद करून टाकलेला. मी त्या साहेब लोकांना लय शिव्या घातल्या. एका थंड खोलीत बसून चार माणसांनी रेघ मारली आणि माझ्या पोराचा गणवेश खुंटीला लागला. आजही घालतो शिव्या. पण पुढचं जे आहे ते त्यांनी नाही केलं.

गावात मी सांगितलं, गजानन मोठ्या विमानाचं शिकून राह्यला, म्हणून घरी आहे. दिवसातून पाच-सहा विमानं आमच्यावरून जातात, मुंबईहून नागपूरकडं. पूर्वी गजानन अंगणात आला की नातीला बोट करून दाखवायचा. आता आवाज आला की तो आत जायचा. तिसऱ्या महिन्यात एका ओळखीच्यानं बोलावलं म्हणून तो हैदराबादला काम शोधायला गेला. सून नातीला घेऊन खामगावला माहेरी गेली. घरात मी आणि म्हैस.

त्याच आठवड्यात सुखदेव पाकीट घेऊन आला. मी म्हशीसाठी सरकीची ढेप कालवत होतो, कोपरापर्यंत हात भरलेले.

“आबा, गजाननचं स्पीड पोस्ट हाये. कंपनीचं दिस्ते. सही लागते.” त्यानं मोबाइल पुढं केला. आता काचेवर बोटानं सही करावी लागते.

मी म्हटलं, “माहे हात पाह्य बे. तूच ओढ रेघ.”

“तुमची सही मले जमन का आबा? त्याले दोन ठिपके अस्तात.”

“ठिपके राहू दे. ओढ.”

तो हसला, बोटानं काचेवर काहीतरी गिरवलं, पाकीट माझ्या बनियनच्या अन् धोतराच्या मध्ये खोचून दिलं आणि गेला. आमच्याकडं अशीच रीत होती. कोणी वावरात असला, कोणी आंघोळीला असला, तर सुखदेवच रेघ ओढायचा. कोणाचं काही कधी गेलं नाही.

दुसऱ्याचं पाकीट फोडू नये हे मला कळते. मी फोडलं. वाटलं, बोलावणं असेल. गजानन फोन करेल तेव्हा मीच आधी सांगेन. पण कागद सारा इंग्रजी. गावात कोणाला दाखवला नाही — काय सांगा काय लिहिलेलं असेल? मेहकरला गेलो. स्टँडजवळ एक झेरॉक्सवाला आहे, अर्ज लिहून देते, इंग्रजी वाचते. त्यानं चष्मा लावला, दोनदा वाचलं.

“चांगलं हाये आबा. तुमच्या पोराले मोठ्या इमानावर घेऊन राह्यले. फकत कॅप्टन म्हनून नाई. बाजूच्या सीटवर, दुसरा पायलट म्हनून. खांद्यावरची पट्टी एक कमी होईन. जागा थोड्या हायेत म्हनते. हा कागद भेटल्यापासून दहा दिवसात सही करून पाठवा लागते. नाई पाठवला तं नकार समजू.”

मी विचारलं, “बाजूच्या सीटवरचा म्हंजे... क्लीनर?”

तो हसला. “तसंच समजा आबा.” मग म्हणाला, “पन घेऊन घ्या म्हना. बाकीच्यायले तं हेही नसन देल्लं.”

म्हणजे मला माहीत होतं. नीट, पूर्ण, मराठीत समजावून सांगितलेलं माहीत होतं. अडाणी होतो म्हणून झालं, असं कोणी म्हणू नये.

मी एसटीत बसलो आणि सारा रस्ता मला तो चहाचा ग्लास दिसत राह्यला. माझा गजानन, चाळिशीला आलेला, कोणातरी पोरसवदा उस्तादाच्या बाजूला बसणार? पाटीवर कॅप्टन लिहिलं आहे त्याचं काय करायचं? सत्कारात हार घालणारे काय म्हणतील? घरी आलो. सत्काराची शाल पेटीत होती. तिच्या घडीत तो कागद ठेवला आणि पेटीला कुलूप लावलं.

फोनवर गजाननला मी बोललो नाही. चौथ्या दिवशी तो परत आला, काम न होता. मी बोललो नाही. वाटत होतं, याच्याहून चांगलं येईल. दुसरी कंपनी कॅप्टन म्हणून बोलावेल. मी दिवस मोजत होतो — का मोजत होतो? कागद द्यायचा नव्हता तर मोजायचे कशाला?

नवव्या दिवशी — हे सांगणं मला सर्वात जड आहे — नवव्या दिवशी संध्याकाळी गजानन माझ्याजवळ ओट्यावर येऊन बसला. लहानपणी बसायचा तसा, गुडघे पोटाशी घेऊन. म्हणाला, “बाबा, आता काहीबी देल्लं न, तं मी घेईन. बाजूले बसा म्हटलं तं बाजूले बसीन. नुसतं उडू द्या म्हनीन.”

पेटी आमच्या पाठीमागच्या खोलीत होती. दहा पावलांवर. एक दिवस हातात होता. मेलवरही सही पाठवता येते, हे झेरॉक्सवाल्यानं मला सांगितलं होतं.

मी म्हटलं, “त्यापरीस घरी बसलेलं बरं. क्लीनर व्हाले शिकवलं का तुले?”

तो उठून आत गेला.

पुढच्या महिन्यात त्याच्या एका दोस्ताचा फोन आला. तो मोठ्या विमानावर लागला होता. गजाननचा आवाज मी बाहेरून ऐकत होतो — “कोनतं लेटर?... मले नाई भेटलं... मंग तू तवा काऊन नाई सांगतलं बे?” दोस्त काय सांगणार? जागा थोड्या, माणसं जास्त. ज्याला कागद आला तो गप्प बसला. गजानननं कंपनीत फोन लावले. ते म्हणाले, कागद पोचला, सही आहे. जागा भरल्या.

गजानननं मला विचारलं, “बाबा, मी नसतानी काई आलतं का?”

मी म्हटलं, “नाई.”

एकच शब्द. त्यानं लगेच विश्वास ठेवला. मी खोटं बोलत नाही अशी माझी ख्याती होती, ती अशी कामाला आली.

कंपनीनं सहीचा कागद पाठवला. गजानननं डोणगावहून छापून आणला. वेडीवाकडी, गांडुळासारखी रेघ. तो म्हणाला, “बाबा, हे तुमची सही तं नाई.” मी चष्मा लावून पाहिलं, जसं काही पहिल्यांदाच पाहतो. “नाई. हे माही सही नाई.” हे खरं होतं. एवढं खरं बोलून एवढं मोठं खोटं बोलता येते, हे मला त्या दिवशी कळलं. आणि सांगतो, क्षणभर बरंही वाटलं.

गजानननं तक्रार केली. पोस्टाचे साहेब आमच्या अंगणात येऊन खुर्चीवर बसले. गावातले आठ-दहा जण भिंतीला टेकून उभे. सुखदेव उभाच होता, खांद्यावर पिशवी. तो घाबरलेला नव्हता, कारण त्याला वाटत होतं की आबा आहेत.

म्हणाला, “आबा, आठवा जरा. तुमी ढेप कालवत होते. तुमीच म्हटलं, तू रेघ ओढ म्हनून.”

साहेबानं माझ्याकडं पाहिलं. गजानन माझ्याकडं पाहत होता.

एक गोष्ट मला त्या वेळी ठाऊक होती. सुखदेव कोणत्या वस्तीतला, मी कोणत्या. त्याच्या शब्दाचं वजन किती आणि माझ्या शब्दाचं किती, हे अंगणातल्या प्रत्येकाला न बोलता माहीत होतं. मलाही होतं. मी ते धरूनच बोललो.

“साहेब, माही सही साऱ्या गावाले ठाऊक हाये. पाकीट माह्या हाती आलं नाई. यानं कुठी टाकलं, याले विचारा.”

भिंतीजवळून कोणीतरी म्हणालं, “आबा कायले खोटं बोलतीन?”

सुखदेव माझ्या हातांकडं पाहत राहिला. ते त्या दिवशी स्वच्छ धुतलेले होते. साहेबानं जबाब लिहिला, वाचून दाखवला, आणि मी खाली सही केली. सावकाश. पूर्ण नाव, बापाचं नाव, आडनाव, रेघ, दोन ठिपके. साहेब म्हणाले, “अक्षर चांगलं आहे.” सुखदेवला पिशवी आणि मोबाइल तिथंच जमा करायला सांगितलं.

गजानन त्याच्याजवळ गेला. मला वाटलं मारतो. मारलं नाही. एवढंच म्हणाला, “एका बाकावर बसलो होतो बे आपन.”

सुखदेवची नोकरी पुढं गेलीच. तो आता डोणगावात एका कृषी केंद्रात खताची पोती उचलतो. गजानन नागपूरला गोदामात सुपरवायझर आहे. विमान चालवायला डॉक्टरची तपासणी वेळेवर लागते आणि उडण्याचे तास लागतात. दोन्ही नव्हते, लायसन पडून राहिलं. अजून कोणी विचारलं तर तो म्हणते, पोस्टमननं माझं आयुष्य खाल्लं. मी शेजारी बसलेला असतो. शाल पेटीत आहे, कागद शालीत आहे, किल्ली माझ्या कमरेच्या करगोट्याला आहे. सुखदेवनं माझं नाव घेऊन गावात कुठं तोंड उघडलं असं मी ऐकलं नाही. माफी मागायची म्हणून हे सांगत नाही. ती मागायला त्याच्या दारात जावं लागते, आणि मी गेलो नाही.

जबाब झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, म्हशीला पाणी दाखवलं, फडकं ओलं केलं आणि फाट्यावर गेलो. पाटी धुळीनं भरली होती. सुखदेव गावातून पायी येत होता, डोणगावची गाडी धरायला. खांदा रिकामा होता, तरी पिशवीच्या सवयीनं एका बाजूला झुकलेला. माझ्या मागं येऊन तो थांबला.

“आबा,” म्हणाला.

मी वळलो नाही. फडकं पिळलं, आणि ‘कॅप्टन’च्या पहिल्या अक्षरापासून पुसायला लागलो.